२६ डिसेंबरच्या सकाळी उरणारा आनंद
क्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स यांचे जीवन



आगमनकाळ सुरू झाला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात शेतशिवारात कापसाची वेचणी चाललेली असते. तूर शेंगांनी लवलेली असते, हरभरा फुलावर आलेला असतो आणि घाटावरच्या गावांत पहाटेची थंडी अंगात शिरते. घाटाखाली काय आणि घाटावर काय, आपली ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. तरीही २४ डिसेंबरच्या रात्री दारावर तारा लागतो, गवताच्या काड्यांनी गव्हाणी सजते, दुरून दुरून माणसे मध्यरात्रीच्या मिस्साबलिदानासाठी एकत्र येतात. त्या रात्री मने खरोखर भरून येतात.

मग २६ डिसेंबर उजाडतो. पाहुणे परततात, ताऱ्यातील दिवा मालवतो आणि रोजचा हिशेब पुन्हा समोर येऊन उभा राहतो : कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज, घरातील आजारपण, यंदा रिकामी राहिलेली एखादी खुर्ची. आदल्या दिवशीचा आनंद कोठे गेला, असा प्रश्न आम्हांला दरवर्षी पडतो. तो आनंद खोटा होता काय? की तो आला आणि आपल्याजवळ राहायला त्याला जागाच मिळाली नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला मराठी ख्रिस्ती परंपरेच्या एका आद्य पुरुषाची आठवण झाली. प्रभू येशूच्या या जगातील आगमनावर त्यांनी मराठीत जवळपास अकरा हजार ओव्या रचल्या. ते मूळचे इंग्रज होते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. पोर्तुगीज त्यांना पाद्री एस्तेव्हांव म्हणत. त्यांच्या आडनावाचे मूळ ज्या संत स्तेफनच्या नावात आहे, त्या पहिल्या रक्तसाक्ष्याचा सण ख्रिस्तसभा नेमका २६ डिसेंबरला साजरा करते. म्हणूनच त्या दिवसाच्या प्रश्नासाठी त्यांचे जीवन पुन्हा एकदा उलगडून पाहावे, असे आम्हांला वाटले.

राजदरबारातील नाताळ

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी १५४९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील लंडनमधील व्यापारी होते. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, परंतु काळ मोठा कठीण होता. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत कॅथोलिक मिस्साबलिदान कायद्याने बंद झाले होते. कॅथोलिक श्रद्धा जपणाऱ्याला दंड, तुरुंग आणि पुढे पुढे मृत्यूही पत्करावा लागे.

तरुण थॉमसला या काळात एक मित्र लाभला. त्याचे नाव थॉमस पाउंड. हा पाउंड एकेकाळी राणीच्या दरबारातील देखणा, हौशी आणि लोकप्रिय सरदारपुत्र होता. त्याच्या आयुष्याला वळण देणारी एक कथा परंपरेने सांगितली जाते. १५६९ च्या सुमारास नाताळच्या उत्सवात त्याने राणीसमोर एक अवघड नृत्य केले. राणी प्रसन्न झाली आणि तिने तेच नृत्य पुन्हा करण्याची आज्ञा दिली. दुसऱ्या वेळी पाउंडचा तोल गेला आणि तो भर दरबारात कोसळला. क्षणापूर्वी वाहवा करणारी राणी त्याला हिणवून हसली, आणि तिच्यामागून सारा दरबार हसला. पाउंड उठला, त्याने मुकाट्याने वंदन केले आणि दरबाराकडे कायमची पाठ फिरवली. ज्या आनंदाला एका घसरलेल्या पावलाने तडा जातो, त्याच्या भरवशावर जगण्यात अर्थ नाही, हे त्याला उमगले होते. त्यानंतर तो प्रार्थनेकडे, दानधर्माकडे आणि आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेकडे वळला.

थॉमस स्टीफन्स सुमारे दोन वर्षे या मित्राच्या सहवासात होते. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरवले. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. पुढील सुमारे तीस वर्षे त्याने एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघाच्या नवशिष्यालयात दाखल झाले. आपण सुखरूप पोहोचलो म्हणून ते मित्राला विसरले नाहीत. पाउंडला तुरुंगात असतानाच येशूसंघात सामावून घ्यावे, अशी विनंती त्यांनी वरिष्ठांना केली आणि १५७८ मध्ये ती मान्य झाली.

एकाच निश्चयाने निघालेल्या दोघा मित्रांपैकी एकाच्या वाट्याला चार भिंती आल्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला सातासमुद्रापलीकडील देश. दोघांनीही आपापला वाटा देवाच्या हातून आलेला म्हणून स्वीकारला. चिरंतन आनंदाची पहिली ओळख आम्हांला येथे होते.

सागरावरील साडेसहा महिने

स्टीफन्स यांच्या पिढीतील अनेक इंग्रज येशूसंघीय जिवावर उदार होऊन मायदेशी परतले. त्यांपैकी एडमंड कॅम्पियन यांना १५८१ मध्ये लंडनमध्ये देहदंड झाला. स्टीफन्स यांनी मात्र पूर्वेकडील कार्यासाठी आपले नाव दिले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे १५५२ मध्ये निधन झाले होते आणि त्यांची भारतातून आलेली पत्रे यूरोपभर वाचली जात होती. त्या पत्रांनी अनेक तरुणांना पूर्वेची ओढ लावली होती.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला. त्यांत स्टीफन्स होते. विषुववृत्ताजवळ वारा पडला आणि जहाजे दिवसेंदिवस जागच्या जागी डोलत राहिली. पुढे केप ऑफ गुड होपला वळसा घातल्यावर वाऱ्यांनी आणि प्रवाहांनी दगा दिला. गोव्याकडे जात आहोत असे वाटत असताना जहाज सोकोत्रा बेटाच्या दिशेला भरकटले. अन्न आणि पाणी कमी पडू लागले. हिरड्या सुजून रक्त येण्याचा तो भयंकर रोग जहाजावर पसरला. सुमारे दीडशे माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी सत्तावीस दगावली. अखेर पाण्यावर तरंगणाऱ्या फांद्या आणि आकाशातील पक्षी पाहून जमीन जवळ आल्याचे कळले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी स्टीफन्स यांनी गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवले.

१० नोव्हेंबर रोजी त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि आजही उपलब्ध आहे. त्यात तक्रारीचा सूर शोधूनही सापडत नाही. उडणारे मासे, शार्कभोवती घुटमळणारे लहान मासे, आकाशातील तारे, समुद्राचे बदलणारे रंग, हे सारे त्यांनी एखाद्या मुलाच्या कुतूहलाने टिपले आहे. मृत्यू शेजारी असतानाही देवाच्या सृष्टीकडे पाहून ज्याचे मन विस्मित होते, त्याच्या अंतरंगात आनंदाचा झरा असलाच पाहिजे. त्यानंतर त्यांनी इंग्लंड पुन्हा कधी पाहिले नाही. भारतात स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात.

१५८३ : दुःखाचे आणि सुटकेचे वर्ष

गोव्यात गुरुदीक्षा झाल्यावर फादर स्टीफन्स साष्टी महालात काम करू लागले. वसईजवळची साष्टी वेगळी. ही दक्षिण गोव्यातील मडगाव, राय, राशोल, नावेली, बाणावली या गावांची साष्टी. आयुष्याची पुढील जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः याच भागात वेचली.

तेथील परिस्थिती सोपी नव्हती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोर्तुगीज सत्तेने मंदिरे पाडली होती, जुने ग्रंथ जप्त केले होते आणि धर्मप्रसारात तलवारीची सावली मिसळली होती. लोकांच्या मनात राग धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच येशूसंघीयांची त्यांच्या सोबत्यांसह हत्या झाली. त्यांचे प्रमुख फादर रुदोल्फ अक्वाविव्हा हे नुकतेच सम्राट अकबराच्या दरबारातून परतले होते. पुढे १८९३ मध्ये पोप महोदयांनी या पाच जणांना धन्य घोषित केले. त्यांचे मृतदेह मिळवून दफनविधी करण्याच्या कामात फादर स्टीफन्स यांचा पुढाकार होता, असे सांगितले जाते. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर जेवण घेतले, त्यांनाच मातीआड करण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलणीच्या निमित्ताने गावच्या गांवकरांना बोलावून त्यांना ठार केले. एका रक्तपाताने दुसऱ्या रक्तपाताला जन्म दिला.

फादर स्टीफन्स यांनी अशा वेळी आपली जागा सोडली नाही. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, भारतात आल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी आपला धाकटा भाऊ रिचर्ड याला एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी येथील भाषांविषयी मोठ्या आदराने लिहिले आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदवले. यूरोपीय विद्वानांनी या नात्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला, तो त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. ज्या लोकांमध्ये आपले सहकारी मारले गेले, त्यांच्याच बोलीत सौंदर्य शोधणारे हे मन पाहिले की क्षमा कशी दिसते ते कळते.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक वेगळी घटना घडली. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन सोबती अशा चार इंग्रजांना होर्मुझ येथे हेर समजून पकडण्यात आले आणि नोव्हेंबरच्या शेवटी गोव्याच्या तुरुंगात आणण्यात आले. हे लोक ज्या राणीचे प्रजाजन होते, तिच्याच कायद्यांमुळे फादर स्टीफन्स देशोधडीला लागले होते आणि त्यांचा मित्र तुरुंगात खितपत पडला होता. तोंड फिरवण्याची मुभा त्यांना होती. तरीही ते या देशबांधवांसाठी धावले, अधिकाऱ्यांशी बोलले, मध्यस्थी केली. नाताळच्या आधीच्या आठवड्यात, संत थॉमसच्या सणाच्या सुमारास, बंदिवानांची जामिनावर सुटका झाली. न्यूबेरीने आपल्या पत्रात या मदतीबद्दल कृतज्ञता नोंदवली आहे.

त्या वर्षीचा नाताळ फादर स्टीफन्स यांनी कसा साजरा केला असेल? पाच सहकाऱ्यांच्या कबरी अजून ओल्या होत्या आणि चार अनोळखी माणसे तुरुंगाबाहेर मोकळा श्वास घेत होती. दुःख आणि आनंद हे दोन्ही त्यांच्या वेदीवर एकत्र आले असतील. बेथलेहेममध्येही असेच घडले होते. गव्हाणीतील बाळाभोवती देवदूतांचे गीत होते आणि थोड्याच दिवसांत हेरोदाच्या तलवारीमुळे मातांचा आक्रोशही उठला. ख्रिस्तसभा नाताळच्या दुसऱ्या दिवशी संत स्तेफनचा आणि २८ डिसेंबरला निष्पाप बालकांचा सण ठेवते, त्यामागे हेच शहाणपण आहे. अश्रूंना दाराबाहेर ठेवून साजरा केलेला नाताळ एका दिवसात संपतो. अश्रूंनाही घरात घेणारा नाताळ वर्षभर पुरतो.

रविवारचा तो प्रश्न

गोव्यातील नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा फादर स्टीफन्स यांच्या ध्यानात आली होती. या लोकांच्या कित्येक पिढ्या पुराणे ऐकत, ओव्या गात वाढल्या होत्या. बाप्तिस्म्यानंतर ती पुराणे बंद झाली. प्रार्थना पाठ करून घेतल्या जात, धर्मतत्त्वे शिकवली जात, परंतु रात्री अंगणात बसून गावे असे काही त्यांच्याजवळ उरले नव्हते. गाणे हरवलेल्या घरात श्रद्धा कोमेजते.

क्रिस्तपुराणाच्या आरंभीच हा प्रसंग आला आहे. एका रविवारी सायंप्रार्थनेनंतर मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींना विचारतो की, जुनी पुराणे वाचण्यास आम्हांला मनाई आहे, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत आमच्यासाठी दुसरे पुराण का नसावे? या प्रश्नात टीकाही होती आणि तहानही होती. फादर स्टीफन्स यांनी टीकेचा राग मानला नाही आणि तहान भागवण्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे खर्च केली.

त्यांनी यूरोपातील एखादा तयार ग्रंथ उचलून त्याचे भाषांतर केले नाही. मराठी संतांनी घडवलेल्या ओवीछंदाचा त्यांनी मनापासून अभ्यास केला. पैठणला संत एकनाथ महाराज १५९९ पर्यंत हयात होते. आमच्या जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे १५९८ मध्ये राजमाता जिजाऊंचा जन्म झाला, तेव्हा फादर स्टीफन्स साष्टीत होते. त्याच काळाच्या मराठीत, तिच्यात कोंकणी शब्दांची गोडी मिसळून, त्यांनी आपला ग्रंथ रचला. वऱ्हाडातील आपल्या आया-आज्यांनी जात्यावर दळताना जी ओवी गायिली, तिच्याच कुळातली ही ओवी आहे. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरताना ते अडखळले नाहीत. मराठी भाषेच्या थोरवीचे त्यांनी केलेले वर्णन तर मराठी साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे.

हा ग्रंथ १६१४ च्या सुमारास पूर्ण झाला आणि १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे छापला गेला. त्याचे मूळ पोर्तुगीज नाव आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाचे निवेदन, असा त्याचा अर्थ होतो. लोकांनी त्याला प्रेमाने क्रिस्तपुराण म्हटले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अध्याय असून त्यांत सृष्टीच्या निर्मितीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या पिढ्यांची कथा येते. दुसऱ्या पुराणात एकोणसाठ अध्याय असून त्यांत प्रभूचा जन्म, कार्य, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांचे वर्णन आहे. या अध्यायांना ग्रंथकर्त्याने अवस्वरू असे नाव दिले आहे.

या रचनेकडे लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट जाणवते. जवळपास अकरा हजार ओव्यांपैकी चार हजारांहून अधिक ओव्या वाट पाहण्यात गेल्या आहेत. पाळण्यापाशी पोहोचण्यासाठी श्रोत्याला छत्तीस अध्याय चालावे लागते. फादर स्टीफन्स यांना ठाऊक होते की ज्याची वाट पाहिली नाही, तो आला तरी त्याचे मोल कळत नाही. आपला आगमनकाळ चार आठवड्यांचा असतो. त्यातील किती दिवस आपण खरोखर वाट पाहतो आणि किती दिवस फक्त खरेदी करतो, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे.

पेरणाऱ्याने न पाहिलेले पीक

फादर स्टीफन्स यांची एक इच्छा अपुरी राहिली. मराठी ग्रंथ मराठी लिपीतच छापला जावा, अशी त्यांची तळमळ होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी, म्हणजे आगमनकाळातच, त्यांनी येशूसंघाच्या प्रमुखांना रोमला पत्र लिहून त्यासाठी परवानगी आणि साहाय्य मागितले. अडचण मोठी होती. रोमन लिपीला दोन डझन अक्षरे पुरतात, तर आपल्या लिपीतील जोडाक्षरे आणि काने-मात्रा धरून सुमारे सहाशे खिळे पाडावे लागले असते. ते काम झाले नाही. मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या.

१६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. तोवर ते सुमारे सत्तर वर्षांचे झाले होते. मागे ना घर, ना संपत्ती. लोकभाषेत त्यांनी तयार केलेली धर्मशिक्षणाची पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये छापली गेली. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण तर १६४० मध्ये, एकवीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. ही दोन्ही पुस्तके छापील रूपात त्यांनी कधी हातात घेतली नाहीत.

क्रिस्तपुराण मात्र लोकांनी उचलून धरले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी ते चर्चमध्ये व घराघरांत गायिले जाई. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. भाषाच गुन्हा ठरली, तेव्हा छापील पुस्तकांना कोण विचारणार? परंतु लोकांनी हाताने नकला करून हे पुराण जपले. गोव्याहून दक्षिणेला गेलेल्या कुटुंबांनी ते मंगळूरपर्यंत नेले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरच्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, तेव्हा त्या बंदिवासातही क्रिस्तपुराणाच्या ओव्या गायिल्या जात, अशी परंपरा सांगते. चर्च नव्हते, धर्मगुरू नव्हते, सण साजरा करण्याची मुभा नव्हती. तरीही तारणारा आला आहे, ही वार्ता त्यांच्या ओठांवर होती.

१९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारे या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, तीही रोमन लिपीतच. देवनागरी लिपीतील एक जुने हस्तलिखित लंडनमध्ये जतन झाले आहे. पुढे १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. १६०८ च्या आगमनकाळात एका वृद्ध धर्मगुरूने मागितलेली गोष्ट तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी मराठी वाचकाच्या हाती आली. देवाच्या घरी उशीर होतो, पण विसर पडत नाही.

आपल्यासाठी

फादर स्टीफन्स यांच्या जीवनाकडे पाहताना आम्हांला आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. त्यांचा आनंद परिस्थितीवर उभा नव्हता. देश सुटला, मित्र सुटला, सहकारी गेले, इच्छा अपुरी राहिली. तरीही चाळीस वर्षे त्यांच्या लेखणीतून एकच वार्ता झरत राहिली की देव आपल्यात आला आहे. ही वार्ता ज्याच्या मनात घर करते, त्याला आनंदासाठी २५ तारखेची वाट पाहावी लागत नाही.

ती वार्ता घर कशी करते, हेही ते आपल्याला दाखवतात. प्रभू येशूने मनुष्यदेह धारण केला, मनुष्याची भाषा शिकला, नाझरेथच्या बोलीत आईशी बोलला. फादर स्टीफन्स यांनी आपल्या प्रभूचेच अनुकरण केले. परक्यांची भाषा त्यांनी आपली केली, म्हणून परकी माणसे त्यांची झाली. आपण तर जन्मानेच मराठी आहोत. मग आपल्या घरात प्रभूशी आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत बोलणे किती होते? नाताळची गाणी आपण ध्वनिक्षेपकावर मोठ्याने लावतो. कुटुंबाने एकत्र बसून स्वतःच्या आवाजात गायिलेले एक गीत त्याहून खोल उतरते.

आमच्या जिल्ह्यात पोथी लावण्याची जुनी रीत आहे. एक जण वाचतो आणि घरातले, शेजारचे ऐकतात. रोज थोडे थोडे वाचून ग्रंथ पूर्ण केला जातो. त्याच रीतीने यंदा नाताळच्या रात्रीपासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत आपण घरोघरी संत लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय रोज थोडे थोडे मोठ्याने वाचावेत, असे आम्ही सुचवतो. ज्यांच्याजवळ क्रिस्तपुराण असेल त्यांनी त्यातील जन्मकथेचा भाग घ्यावा. त्याची जुनी मराठी आरंभी अवघड वाटेल, परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ओवीची चाल बसलेली असते. त्यांच्याकडून ती मुलांनी ऐकावी. आजी आणि नातू यांना एका ओवीने जोडणारा नाताळ सहजासहजी विसरला जात नाही.

आणखी एक गोष्ट. फादर स्टीफन्स १५८३ च्या नाताळपूर्वी तुरुंगातल्या माणसांसाठी धावले. आपल्या गावातही कोणी ना कोणी अडकलेले असते. कोणी कर्जात, कोणी व्यसनात, कोणी जुन्या भांडणात, कोणी एकटेपणात. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी २००६ मध्ये साऱ्या देशाचे लक्ष वेधले, त्यांत आपला बुलडाणा जिल्हाही होता. ज्या घरातील कर्ता पुरुष असा गेला, त्या घरी सणाच्या दिवशी पाऊल टाकायला आपण बिचकतो. काय बोलावे ते सुचत नाही. बोलण्याची गरजही नसते. २५ तारखेला सगळेच एकमेकांकडे जातात, आपण २६ तारखेला त्या घरी जावे. फराळाचे ताट घेऊन जावे, थोडा वेळ बसावे. मेंढपाळांनी तरी त्या रात्री दुसरे काय केले? रात्रपाळी करणारी ती गरीब माणसे वार्ता ऐकून उठली, गव्हाणीपर्यंत चालत गेली आणि परतताना देवाचे गुणगान करीत गेली. त्यांच्या मेंढ्या तेवढ्याच होत्या, थंडीही तेवढीच होती. तरीही कालच्या आणि आजच्या त्या माणसांत जमीनअस्मानाचा फरक पडला होता.

बंधुभगिनींनो, अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ मध्ये झाली आणि आपला जिल्हा त्याच्याच कुशीत आहे. संख्येने आपण थोडे आहोत. साष्टीत आलेला तो इंग्रज धर्मगुरूही एकटाच होता. त्याने जे पेरले, त्याचे पीक चारशे वर्षांनंतरही निघते आहे. आपणही आपल्या घरात, आपल्या भाषेत, आपल्या दुःखासकट ही वार्ता पेरू या. ताऱ्यातील दिवा २६ तारखेला मालवला तरी चालेल. गव्हाणीतील बाळ आपल्याबरोबर शेतात, शाळेत, दवाखान्यात आणि बाजारात येईल, आणि त्याच्याबरोबर त्याचा आनंदही येईल.

सर्व वाचकांना ख्रिस्तजयंतीच्या आणि नवीन वर्षाच्या प्रार्थनापूर्वक शुभेच्छा.